फेस धरेपर्यंत

पाण्यात तुमचा चेहरा दिसेपर्यंत थांबा.

पितळी हंड्यातलं पाणी आत्तापर्यंत खळखळ उकळत होतं. तुम्ही चुलीतली लाकडं बाहेर ओढलीत, आणि आता हंड्यावर वाफेचा दाट लोट उभा आहे. त्यातून काही दिसत नाही, बोट घालून बघायची सोय नाही. पारा भरलेली काचेची नळी यायला अजून तीनशे वर्षं आहेत. हळूहळू वाफ विरळ होते. पाण्यावर आधी छपराचं आढं दिसतं, मग डोक्याला बांधलेलं तुमचं पांढरं फडकं, मग कपाळ, मग डोळे. हीच वेळ. याहून गरम पाणी ओतलंत तर सातूच्या दाण्यातली पिठाची साखर करणारी ताकद मरून जाईल, आणि याहून निवू दिलंत तर ती नीट जागीच होणार नाही. मोड आणून भरडलेल्या सातूवर हे पाणी पडलं की सगळं मिश्रण 65 अंश सेल्सियसच्या आसपास येऊन थांबतं, असं आपण आज सांगू. चेहऱ्याची ही खूण इंग्लंडमधल्या पुस्तकांत पुढे छापूनही आली. तुम्हाला मात्र आईनं हंड्याशी उभं करून दाखवली होती.

तुम्ही बिशप्स लिनमध्ये आहात. साल 1400 च्या आसपासचं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफकमध्ये, ग्रेट ऊझ नदी समुद्राला मिळते तिथलं हे गजबजलेलं बंदर. आजच्या नकाशावर ते किंग्ज लिन म्हणून सापडेल. 1537 मध्ये गाव बिशपकडून राजाकडे गेलं आणि नावही बदललं. तुमचा नवरा धक्क्यावर पोती वाहतो. तीन मुलं आहेत. घर एका बोळात, मागे हातभर अंगण, अंगणात कोंबड्या. आणि तुम्ही ठरवलं आहे की यापुढे फक्त घरच्यापुरती एल, म्हणजे मोड आणलेल्या सातूची आंबवलेली दारू, गाळायची नाही, विकायचीही.

असं ठरवणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाहीत. याच इंग्लंडातल्या गावोगावच्या न्यायसभांच्या नोंदवह्या उघडल्या तर पानंच्या पानं एल विकणाऱ्या बायकांनी भरलेली दिसतात. कुणी दर पंधरवड्याला गाळते, कुणी वर्षातून दोनदा, बाळंतपणाच्या आधी थांबते आणि मूल रांगायला लागलं की पुन्हा हंडा चढवते. कितीतरी नोंदी नवऱ्याच्या नावावर आहेत, म्हणजे राबायचं बाईनं आणि वहीत नाव त्याचं. 1348-49 च्या प्लेगनंतर माणसं कमी झाली, मजुरी वाढली, हातात चार पैसे आले, आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त एल पिऊ लागले. नवऱ्याच्या मित्रांनाही धक्क्यावरून येताना वाटेत कुठेतरी घसा ओला करायचाच असतो. तो तुमच्या दारात का करू नये?

भांडवल म्हणजे काय, तर घरातलाच हंडा, दोन लाकडी पिंपं, एक लांब लाकडी वल्हं, गाळायला पेंढा आणि फडकं. मोड आणलेले सातू, म्हणजे माल्ट, तुम्ही घरीच केलेत. दोन-तीन दिवस भिजवलेत, उपसून जमिनीवर पसरलेत, रोज खालवर केलेत. मटकीला मोड आणताना जशी नजर ठेवावी लागते तशीच इथेही, फक्त कोंब दाण्याबाहेर पडायच्या आत थांबवायचं, नाहीतर पुढच्या साखरेचा साठा कोंबच खाऊन टाकतो. मग पेंढ्याच्या मंद आचेवर वाळवलेत. पेंढाच का, तर ओल्या लाकडाच्या धुरानं एलला करपट वास लागतो. या सगळ्यात दोन आठवडे गेले.

भरडायला जातं लागतं, आणि जात्यावरून या देशात मोठी भांडणं झाली आहेत. जमीनदाराला वाटतं, सगळ्यांनी त्याच्याच गिरणीत दळावं आणि दळणावळ द्यावी. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीनं लोकांच्या घरातली जाती जप्त करून त्या दगडांची फरशी मठाच्या दिवाणखान्यात बसवली होती. 1381 च्या बंडात गावकरी आत घुसले, त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि त्यांचे तुकडे प्रसादासारखे आपापसात वाटून घेतले. ज्यांच्या घरातून जातं गेलं होतं त्यांना तो तुकडा हातात घेताना काय वाटलं असेल, हे जात्यावर दळणाऱ्या कुठल्याही घराला समजेल.

आता ते गरम पाणी सातूवर ओता. एकदम नको, थोडं थोडं, आणि दुसऱ्या हातानं वल्हं फिरवत राहा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. ओल्या भाकरीसारखा, किंचित मधासारखा वास उठतो. पाय घट्ट रोवून उभ्या राहा. जमीन ओली आहे, आणि हे काम जीव घेतं. 1270 साली बेडफर्डशायरमध्ये दोन मोलकरणी चोथ्यानं भरलेलं पिंप उचलून उकळत्या हंड्यात ओतायला निघाल्या होत्या. एकीचा पाय घसरला, ती हंड्यात पडली आणि पिंप तिच्या अंगावर. दुसरीनं उडी मारून तिला ओढून काढलं, पण ती वाचली नाही. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या वहीत हे लिहिलेलं आहे. घरगुती धंदा म्हटलं की आपण तो सोपा, हलका, फावल्या वेळेतला समजतो. तुमच्या मनगटावरचे भाजल्याचे डाग तसं सांगत नाहीत.

तासाभरानं तळाचं बूच काढा. पेंढ्याच्या थरातून तांबूस, चिकट, गोड अर्क बाहेर येतो. पहिली धार सगळ्यात दाट, हीच विकायची. त्याच चोथ्यावर पुन्हा गरम पाणी घाला, दुसरी धार पातळ येते. तिसरी पाण्याहून थोडी बरी, ती मुलांना आणि घरात दिवसभर प्यायला. उरलेला चोथा कोंबड्यांना. यात वाया असं काहीच जात नाही.

अर्क कोमट होईपर्यंत झाकून ठेवलात. आता खरी गोष्ट येते, आणि ती तुमच्याजवळ नाही.

वाडगं उचला आणि मागच्या दारानं शेजारणीकडे जा.

"अगं, तुझा परवाचा फेस आहे का गं थोडा?"

"आहे की. बैस जरा, वरचा नको, खालचा दाट काढून देते."

ती तिच्या पिंपावरची फळी सरकवते. आत पिवळसर, मऊ, भोकं पडलेला जाड फेस तरंगतो आहे, घट्ट फेटलेल्या दह्यासारखा. याला बार्म म्हणतात. लाकडी पळीनं ती तो हळूच काढून तुमच्या वाडग्यात सोडते. पळी काठावर ठेवत नाही, झटकत नाही, सरळ पिंपात परत बुडवते. तुम्ही पैसे विचारत नाही आणि ती सांगत नाही. पुढच्या आठवड्यात तिचा फेस संपला तर ती तुमच्याकडे येणार, एवढाच व्यवहार.

हे वाचताना तुम्हाला विरजण आठवलं असेल. मला तरी आठवतं. तिन्हीसांजेला शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या, आणि घरात चमचाभरच दही उरलेलं असलं तरी आई त्यातलं अर्धं द्यायची. आज त्यांचं दही लागलं नाही, उद्या आपलं लागणार नाही, हे दोघींना ठाऊक होतं. लिनपासून फार लांब नसलेल्या नॉरविचमध्ये 1468 साली एल गाळणाऱ्यांसाठी जे नियम लिहिले गेले, त्यांत या फेसाला चक्क 'देवाचं देणं' अशा अर्थाचं नाव दिलं आहे. देवाच्या कृपेनं येतं म्हणून ते नाव, आणि देवाच्या कृपेचा बाजार मांडायचा नाही हा त्यामागचा भाव. या फेसात जिवंत पेशी आहेत आणि त्या साखर खाऊन मद्य व वायू सोडतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरनं पक्कं सिद्ध करायला 1850 चं दशक उजाडावं लागलं. पण तो जिवंत आहे, तो उपाशी राहतो, थंडीनं गारठतो आणि कुणाच्या तरी घरात त्याला सांभाळून ठेवावं लागतं, हे तुम्ही आणि शेजारीण चांगलं जाणता. मला वाटतं, या धंद्याचं खरं भांडवल हंडा नाही. ते बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाडग्यांतून फिरत असतं.

फेस अर्कात सोडा, फळी झाका, वर जुनी गोधडी टाका. रात्री तुम्हाला झोप लागत नाही. पहाटे फळीला कान लावता. आत बारीक चरचर ऐकू येते, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखी. फळी उचलता. फेस धरला आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एल पिण्याजोगी होते. दारावर एक आडवा दांडा काढा आणि त्याच्या टोकाला हिरवी डहाळी बांधा; एल तयार आहे, ही त्याची खूण. लंडनमध्ये हे दांडे इतके लांब होऊ लागले की 1375 मध्ये नगरानं हुकूम काढला, रस्त्यावर सात फुटांपेक्षा जास्त दांडा आणायचा नाही. घोड्यावरच्या माणसाच्या डोक्याला लागतो, आणि घराची भिंतही त्या भारानं वाकते. तुमचा दांडा जेमतेम दोन हात. डहाळी बघून गिऱ्हाइकं येतीलच, पण आधी यायला हवा एल चाखून बघणारा नगराचा माणूस. तो बहुतेक पुरुषच असतो. त्यानं घोट घेऊन मान हलवल्याशिवाय पिंप उघडायचं नाही, आणि माप शिक्का मारलेलंच वापरायचं. माप छोटं निघालं, एल पातळ निघाली, तर दंड. पुन्हा पुन्हा झालं तर चौकात खुर्चीवर बसवून धिंड. दंडाचं खरं रूप तुम्हाला लवकरच कळेल. चूक केली असो वा नसो, एल विकणाऱ्या प्रत्येकीकडून न्यायसभेत थोडे पैसे घेतातच. नाव दंडाचं, पण तो परवान्याचाच खर्च आहे. तुम्ही तो आधीच बाजूला काढून ठेवता.

तो घोट घेतो, जिभेवर घोळवतो, आणि निघून जाताना म्हणतो, "ठीक आहे." एवढ्या शब्दांसाठी तुम्ही दोन आठवडे कमरेत वाकला होतात.

हिशेब बघायचा आहे? 1266-67 च्या सुमाराच्या कायद्यानं एलची किंमत धान्याच्या भावाला बांधून टाकली आहे. एक क्वार्टर, म्हणजे 8 बुशेल सातू 20 ते 24 पेनीला मिळत असतील तर शहरात पेनीला 2 गॅलन एल विकायची. बुशेलमागे 8 गॅलन धरा. एका क्वार्टरचे 64 गॅलन, त्याचे 32 पेनी. 24 पेनी सातूचे गेले, राहिले 8. त्यातून लाकूड, पेंढा, दंड. आणि घरच्यांनी प्यायलेली एल त्याच 64 गॅलनांतली. बाजारात भाव खालीवर होतात, पण गणिताची जात हीच. मुलांच्या जोड्यांचे पैसे निघतात, हंड्याला कल्हई करून होते. श्रीमंत कुणी होत नाही.

मग हा धंदा मोठ्या माणसांनी कधीच गिळून का टाकला नाही? कारण एल टिकत नाही. चार-पाच दिवस, फार तर आठवडा. त्यानंतर ती आंबट होते आणि तिचं व्हिनेगर करण्यावाचून गत्यंतर नसतं. मोठी पिंपं भरून साठवता येत नाहीत, गाडीत घालून पुढच्या गावी नेली तर वाटेत हिंदकळून खराब होतात. जी आज गाळेल तिनं परवा आपल्याच बोळात विकायची. म्हणून प्रत्येक बोळाला आपली बाई लागते, आणि तुम्ही थांबलात की शेजारीण सुरू करते. इतिहासाच्या पुस्तकांत एलचं लवकर नासणं हा दोष म्हणून येतो. मला ते या बायकांचं कुंपण वाटतं. जे नासतं ते फार कुणाला लुबाडता येत नाही.

तुमच्याच गावात एकीनं ते कुंपण ओलांडून बघितलं. मार्जरी केम्प. बाप या गावाचा पाच वेळा महापौर झालेला. रस्त्यानं जाते तेव्हा शिरोभूषणात सोन्याच्या नळ्या, झग्याच्या चिरांमधून रंगीबेरंगी कापड झळकतं. हाताखाली नोकरमाणसं. एल गाळायला सुरुवात केली आणि तीन-चार वर्षं ती गावातल्या सगळ्यात मोठ्या एल-व्यावसायिकांपैकी एक होती. हे तिनंच सांगून ठेवलं आहे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून म्हातारपणी, 1430 च्या दशकात, तिनं आपली कहाणी लिहून घेतली. ते हस्तलिखित 1934 मध्ये एका घरात सापडलं, आणि इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून आज त्याचं नाव घेतात. त्यात तिच्या बुडालेल्या धंद्याची गोष्ट आहे. पिंपातल्या एलवर फेस बघावा असा उभा राहिलेला असायचा, आणि अचानक खाली बसायचा. एक पिंप गेलं, मग दुसरं, मग त्यानंतरचं. नोकरांना लाज वाटू लागली, ते टिकेनात. मार्जरीनं निष्कर्ष काढला की हा आपल्या गर्वाचा दंड आहे. पुढे तिनं घोड्यांवर चालणारी गिरणी काढली, तीही चालली नाही, आणि मग ती जेरुसलेम, रोम, सांतियागोच्या यात्रांना निघाली.

चौकात बायका कुजबुजतात की देवानं केलं. तुम्ही पिंपांचा विचार करत असता. एकापाठोपाठ एक खेप जाते याचा अर्थ रोग फेसातच शिरला आहे, कारण प्रत्येक खेप आधीच्या खेपेच्या फेसावरच उभी राहते. एखाद्या भेगाळलेल्या लाकडातून, नीट न धुतलेल्या पळीतून भलतीच आंबवण आत शिरते आणि मग पुढचं सगळं तीच नासवते. उपाय एकच. असलेला सगळा फेस ओतून द्यायचा, पिंपं उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात घालायची, आणि वाडगं घेऊन दुसरीच्या मागच्या दाराशी जायचं. गावात एवढी एल गाळणाऱ्या, महापौराच्या लेकीला बोळातल्या बाईसमोर वाडगं धरणं किती जड गेलं असतं! गर्वाचा दंड हे मार्जरीचं निदान मला म्हणूनच पूर्ण चुकीचं वाटत नाही. तिच्या जागी उभं राहून बघितलं की तिच्याबद्दल वाईटच वाटतं. इतकी मेहनत, आणि सकाळी फळी उचलली की आत सपाट, मेलेलं पाणी.

दुपारी धक्क्यावर नवऱ्याला जेवण घेऊन जा. समुद्रापलीकडून एक जहाज आलं आहे आणि त्यातून पिंपं उतरत आहेत. त्यांत बिअर आहे. नॉरफकच्याच ग्रेट यारमथमध्ये 1361-62 साली परदेशी बिअरवर जकात घेतल्याची नोंद आहे, तेव्हा हे काही अगदी नवं नाही. नवरा कुणाच्या तरी खापरातून तुम्हाला एक घोट देतो. कडू लागतं. हॉप नावाच्या वेलीची फुलं अर्कात उकळतात, त्याची ही चव. तुम्ही तोंड वाकडं करता. मग कुणीतरी सांगतं की हे पिंप भरून बरेच आठवडे झाले. आठवडे. तुम्ही पुन्हा एक घोट घेता, या वेळी हळू.

पुढचं तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. हॉपमुळे बिअर टिकते, म्हणून साठवता येते, गाडीतून आणि गलबतातून दूर पाठवता येते, सैन्याला पुरवता येते. माल्टही कमी लागतो. रेनॉल्ड स्कॉट नावाच्या इंग्रज लेखकानं 1574 च्या हॉप-लागवडीवरच्या पुस्तकात हिशेब दिला आहे की एका बुशेलमधून एल 8-9 गॅलन निघते आणि बिअर 18 ते 20. पण त्यासाठी मोठे तांब्याचे हंडे, तळघरं, उधारीवर मिळणारं धान्य आणि न्यायालयात उभा राहू शकणारा मालक हवा. कर्ज आणि करार पुरुषांच्या नावावर होत होते. 1420 च्या दशकात लंडनच्या एल गाळणाऱ्या मंडळींच्या संघात सुमारे एक तृतीयांश सदस्य बायका होत्या. दोनशे वर्षांत या धंद्यात त्या मुख्यतः नोकर म्हणून आणि विधवा म्हणून उरल्या. त्यांच्या हातची चव बिघडली नव्हती. पेय टिकायला शिकलं आणि त्यांचं कुंपण पडलं.

संध्याकाळ झाली आहे. सेंट मार्गारेट चर्चच्या घंटा वाजतात. पिंपाच्या तळाशी दोन मापं उरली आहेत, आणि वास घेतलात तर किंचित आंबट झाक आली आहे. डहाळी काढून आत आणा. उद्या नवे सातू भिजत घालायचे.

मागच्या दारावर थाप पडते. शेजारणीची धाकटी पोर, हातात वाडगं. "आईनं सांगितलंय, आमचा फेस बसला."

तुम्ही फळी सरकवता. तुमच्या दुसऱ्या पिंपात चार बोटं जाड फेस आहे, पुढच्या खेपेला तुम्हाला त्यातला बराचसा लागणार आहे. वरचा बाजूला सारा, खालचा दाट काढा. वाडगं काठापर्यंत भरा आणि वर फडकं बांधून द्या. बाहेर नदीवरून गार वारा सुटलाय.